विमानाच्या दारापर्यंत

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना काहीही झालेलं नसायचं. त्यांना फक्त कुठेतरी जायचं असायचं.

मी वैद्य. मुलुंड पूर्वेला, भाजीवाल्यांच्या मागच्या गल्लीत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना होता. गुडघे ऐकेनात म्हणून मागच्या वर्षी बंद केला. सर्दी, पित्त, सांधे, केस गळणं हे सगळं होतंच, पण नाव झालं ते प्रवासाच्या औषधांवरून. मी काही ते ठरवून केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना घाट लागला की उलट्या व्हायच्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी महाबळेश्वर पाहिलं नव्हतं त्यांनी. त्यांना सुंठ, गूळ आणि तुपाच्या बारीक गोळ्या करून दिल्या आणि सांगितलं, निघायच्या आधी पोटभर खाऊ नका, पुढच्या सीटवर बसा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. बाई महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी घेऊन परत आल्या आणि सगळ्या भिशीत सांगत सुटल्या. उलट्या थांबायला पुढची सीट किती कारण होती आणि माझी सुंठ किती, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगायला गेले नाही. तेव्हापासून मी 'प्रवासाच्या डॉक्टर'.

प्रवासात माणसाचं पोट बिघडतं, झोप बिघडते, नाहीतर जीव घाबरा होतो. पोटाचं सोपं असतं. उलटीला सुंठ किंवा आलेपाक, वायूला ओवा, आणि परक्या ठिकाणी ज्यांचं पोट रुसून बसतं त्यांना तुपात परतलेला बाळहिरडा. विमानातल्या कोरड्या हवेने नाक सुकतं, त्याला तुपाचा थेंब. झोपेसाठी तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासायचं. हे आपल्या आज्याही करायच्या, मी फक्त ते टेबलाच्या पलीकडून सांगत होते. जीव घाबरा होणाऱ्यांना ब्राह्मी आणि जटामांसी. जटामांसी म्हणजे हिमालयातल्या एका झुडपाची केसाळ मुळी. रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी प्यायचं. वास उग्र, ओल्या मातीसारखा, आवडणाऱ्याला आवडतो. तिचं तेल मी छोट्या कुपीत भरून द्यायचे, हुंगायला.

माझी एक अट मात्र असायची. चालू असलेल्या गोळ्या आधी टेबलावर ठेवायच्या. बीपी, साखर, थायरॉइड, जे असेल ते. "बाई, आता तुमचं औषध घेतो, ती गोळी बंद करतो," असं कोणी म्हणालं की मी पुडी परत ड्रॉवरमध्ये टाकायचे. माझ्या पुड्या बांधणाऱ्या मंदाताई तर अशा माणसाकडे असं बघायच्या, की तो निमूटपणे गोळ्यांचं पाकीट खिशातून काढायचा.

गमतीही झाल्या. एक जोशीबाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्या. त्रिफळ्याचं चूर्ण सामानात टाका, असं बजावलं होतं, पण बाईंचा सामानावर विश्वास नाही. पर्समध्ये साध्या पिशवीत चूर्ण. विमानतळावर तपासणीच्या माणसाने पिशवी वर धरून विचारलं, "ये क्या है?" बाई म्हणाल्या, "त्रिफला है. पेट साफ होता है." त्याला पटेना. बाईंनी पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्यासमोर चांगलं चमचाभर तोंडात टाकलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर, त्या मेल्यानं मला लगेच सोडलं हो. त्रिफळ्यानं सिंगापूरपर्यंत सोडलं नाही."

अशा लोकांवर मी खूश असायचे. माझी कमाई ती. पण हळूहळू दुसरेही यायला लागले. अंधेरीला कुठल्याशा कंपनीत काम करणारा, दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या शहरात जाणारा एक तरुण यायचा. बॅगेच्या चाकांचा आवाज आला की मंदाताई म्हणायच्या, "आला तुमचा पाहुणा." एकदा त्याला विचारलं, ब्राह्मीने बरं वाटतं का? तो म्हणाला, "डॉक्टर, शांत नका करू यार. बधिर करा. काहीतरी असेल ना तुमच्यात?" मी त्याला काम बदल म्हणाले. तो हसला, पुडी घेतली आणि निघाला. पुढे आला नाही. कुठे असेल कोण जाणे.

पण मला सांगायचं आहे ते दत्ताराम परबांचं. हे लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं की त्यांच्यावर लिहायचं नाही. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा जोशीबाईंच्या पुढे गाडी सरकेना.

परब माझ्याकडे आले ते त्यांच्या मुलीने हाताला धरून आणलं म्हणून. मुलगी स्मिता, एकुलती एक. कॅनडात नोकरीला होती. आईच्या वर्षश्राद्धाला आली होती आणि आता वडिलांना बरोबर घेऊन जायचं म्हणत होती. उंच, मोठ्या आवाजाची, झटपट बोलणारी मुलगी. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाली.

"डॉक्टर, हा माणूस आयुष्यभर पाणीखात्यात होता. ते मोठे पाइप असतात ना, माणूस उभा राहील एवढे? त्यात शिरून काम करायचा. अंधारात. आणि विमानात बसायला घाबरतो. आता तुम्हीच सांगा."

परब बारीक अंगाचे, दाढी गुळगुळीत केलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा हे पाणीखात्यात चिकटले आणि त्यांनी घर सावरलं. ते लेकीकडे न बघता मला म्हणाले, "बाई, पाइपात शिरताना कमरेला दोरी असायची. बाहेर आपली माणसं. दोरी हलवली की ओढून काढायची. विमानात दोरी कोणाच्या हातात देऊ?"

स्मिता हसली. मला हसू आलं नाही. इतक्या नेमक्या शब्दांत कोणी आपली भीती सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हणाले. अशा भीतीवर त्यांच्याकडे चांगले उपचार असतात, आपण दोन्ही बरोबर करू. परब उठलेच. "मी काय वेडा आहे काय?" स्मिताने त्यांना खाली बसवलं. मग ठरलं, की आधी माझं औषध. सकाळी ब्राह्मीचं तूप, संध्याकाळी जटामांसीचं पाणी, आठवड्यातून एकदा दवाखान्यात येऊन तळपायाला तेल, आणि डोळे मिटून सावकाश श्वास. स्मिता रजा वाढवून थांबली. परब सगळं इमानदारीने करत होते. झोप सुधारली. चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, जमतंय.

विमान सकाळचं होतं. दुपारी परब दवाखान्यात हजर. अंगाला जटामांसीचा असा वास, की मंदाताईंनी खिडकी उघडली. कुपी हुंगता हुंगता हातातून सुटून शर्टावर सांडली होती.

"आत गेलो होतो," ते म्हणाले. "खुर्च्या असतात तिथे बसलो. आमचा नंबर आला, सगळे उठले. मी उठलो नाही."

"आणि स्मिता?"

"तिला म्हटलं, तू जा. नोकरी आहे तिची." मग म्हणाले, "वळून वळून बघत गेली. लहानपणी शाळेत सोडायचो, तेव्हा मी वळून बघायचो."

त्यानंतर काही वर्षं गेली. परब दर आठवड्याला येत राहिले. तळपायाला तेल लावून मंदाताई काशाची वाटी फिरवायच्या आणि ते डोळे मिटून पडून राहायचे. तपासायला फारसं काही नसायचं. घरी ते एकटे, डबा यायचा, संध्याकाळी बागेत एक चक्कर. स्मिताला मुलगी झाली, इरा. बाळंतपणाला कोणी नव्हतं. नवऱ्याने, महेशने, सगळं केलं. परबांनी इथून डिंकाचे लाडू पाठवले. ते माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावरूनच गेले, कारण कुरिअरवाला त्यांच्या बिल्डिंगच्या गल्लीत यायला कुरकुर करायचा. मोबाइलवर नात दाखवायला ते काउंटरशी यायचे. "बघा बाई, नाक आमच्या मालवणचं." नात पडद्यावर येऊन आजोबांच्या कपाळाला बोट लावायची. परब कपाळ पुढे करायचे.

स्मिता येऊन जाऊन असायची, पण मूल, नोकरी, ते अंतर. दर वेळी निघताना ती बापाला विचारायची आणि बाप म्हणायचा, "पुढच्या खेपेला." एकदा मीच चिडले. म्हणाले, "परब, कॅनडा राहू दे. गोव्याला येता का? माझ्या भाचीचं लग्न आहे. तासाभराचं विमान. मी शेजारी बसते."

ते कसे तयार झाले देव जाणे. आम्ही गेलो. मी त्यांना खिडकीशी बसवत होते, तर म्हणाले, "नको, मला मधेच बसवा. बाहेर बघायचं नाही." दार लागलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या बांगडीचा व्रण दोन दिवस राहिला. मी सुंठेची गोळी हातावर ठेवली, ती त्यांनी चघळली नाही, चावून फोडली. विमान वर गेलं आणि परब रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी. पलीकडच्या सीटवरच्या बाईने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी हाताने सांगितलं, काही नाही, चाललंय ते चांगलं चाललंय.

गोव्याला उतरल्या उतरल्या, सामान यायच्या आधी, त्यांनी लेकीला फोन लावला. तिच्याकडे पहाट असावी. सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "इलंय गे मी! इमानान इलंय!" पलीकडून स्मिता काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण परब फोन कानाला लावून बराच वेळ नुसते मान हलवत उभे होते.

परतीला ते विमानाने आले नाहीत. गावी जाऊन मग गाडीने आले. त्याचं मला काही वाटलं नाही. एकदा झालं म्हणजे होतं. माझ्या सबंध व्यवसायात त्या दिवसाइतकी खूश मी कधी झाले नव्हते. लग्नात नवऱ्या मुलीपेक्षा मीच जास्त मिरवले, असं बहीण अजून म्हणते.

कॅनडाचा व्हिसा झाला. पुढच्या उन्हाळ्यात स्मिता येणार आणि बापाला बरोबर नेणार, असं ठरलं. परबांनी नवीन स्वेटर घेतला आणि तो मला दाखवायला आणला. मुलुंडच्या मे महिन्यात त्यांनी तो अंगात घालून दाखवला.

उन्हाळ्यात स्मिता आली नाही. कामाचं कारण सांगितलं. मग इराच्या शाळेचं. परब म्हणाले, "आवाज बसल्यासारखा वाटतो तिचा. सर्दी म्हणते. बाई, काहीतरी पाठवायचं का?" मी सितोपलादी आणि ज्येष्ठमध बांधून दिलं. त्यांनी ते पाठवलं. तिने मिळालं म्हणून सांगितलं, घेतलं म्हणूनही सांगितलं.

महिन्याभराने जावयाचा फोन आला. स्मिताला कॅन्सर होता. फुप्फुसात पसरला होता. तिनेच बाबांना सांगू नका म्हटलं होतं. महेश म्हणाला, "बाबा, आता या. ती रोज विचारते."

त्याच दिवशी परब माझ्यासमोर बसले आणि मी न सांगताच म्हणाले, "त्या डॉक्टरकडे पण जातो. कुठल्याही डॉक्टरकडे जातो." मी त्यांना घाटकोपरच्या माझ्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. भला माणूस. त्यांनी नीट ऐकून घेतलं, प्रवासापुरती गोळी दिली, ती आधी घरी एकदा घेऊन बघायला सांगितली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, थोडं आधी आणलं असतंत तर." परब बाहेर बाकावर बसून कॅलेंडरकडे बघत होते.

एकट्याने जायचं होतं. मधे एक विमान बदलायचं होतं. महेशने विमानतळावर मदतीला माणूस सांगून ठेवला. मी पिशवी भरली. सुंठेच्या गोळ्या, बाळहिरडा, तुपाची डबी, जटामांसीची नवी कुपी, या वेळी घट्ट बुचाची. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात लिहिलं. मंदाताईंनी स्वतःच्या देवघरातला अंगारा पुडीत घालून दिला. मी देवाधर्माची नाही, पण ती पुडी मीच सर्वात वर ठेवली.

सकाळी टॅक्सीने मी त्यांना अंधेरीच्या विमानतळापर्यंत सोडायला गेले. जोगेश्वरीच्या जोडरस्त्याला गाडी अडकली तेव्हा परब म्हणाले, "तिला माझ्या हातची पेज आवडते. आजारी पडली की तीच मागायची. तिकडे तांदूळ कुठला मिळत असेल?" मी म्हणाले, सगळं मिळतं तिकडे. आत सोडायच्या दारात पोलिसाने पासपोर्ट पाहिला. परबांनी गोळी घेतली होती, चेहरा थोडा सैल होता. मला नमस्कार केला. मी वयाने लहान, मी मागे सरकले. "पोचलो की फोन करतो," म्हणाले आणि आत गेले. काचेतून मला ते मदतनिसाच्या मागे चालताना दिसले, मग दिसेनासे झाले. मी मुलुंडला परत आले. दुपारभर घड्याळ बघून मनात म्हणत होते, आता सुटलं असेल. आता वर गेलं असेल.

संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. खोकल्याची साथ होती. एकेक पेशंट आत येत होता, मी नाडी बघत होते, मंदाताई पुड्या बांधत होत्या. मग मंदाताई दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी विचारलं, "पुढचं कोण?"

त्या म्हणाल्या, "परब."

ते बाहेर बाकावर, बाकीच्या पेशंटच्या रांगेत, आपला नंबर येईपर्यंत बसून राहिले होते. पायांशी बॅग. तिला विमान कंपनीचा कागदी पट्टा तसाच. अंगात नवीन स्वेटर. शेजारच्या खोकणाऱ्या बाईला त्यांनी जागा सरकवून दिली होती.

आत येऊन खुर्चीवर बसले. म्हणाले, "या वेळी शेवटपर्यंत गेलो बाई. तुमची शपथ. विमानाच्या दारात उभा होतो. एक पाय आत. विमानातली ती मुलगी नमस्कार म्हणाली. मागे लोक. आत बघितलं तर सगळी माणसं खुर्च्यांत बसलेली, ओळीने. पाय उचलेना. मागचा म्हणाला, काका, चला ना. मी त्याला म्हणालो, तू हो पुढे. मग सगळेच पुढे झाले."

गोळी घेतली होती का, कुपी हुंगली होती का, श्वास घेतला होता का, हे सगळे प्रश्न माझ्या तोंडावर आले आणि मी ते गिळले. सगळं केलं होतं त्यांनी. तो माणूस काहीही चुकवणारा नव्हता.

"घरी नाही गेलो," ते म्हणाले. "तिथे तिचा फोटो आहे. इथूनच फोन करतो."

मी बाहेरच्या लोकांना थांबायला सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलावरून लेकीला फोन लावला. आवाज मोठा ठेवण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ते बोलायला लागले, "स्मिता, बाळा, माका..." आणि पुढे रडूच फुटलं. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, धाप लागल्यासारखा. मग ती म्हणाली, "बाबा, असू दे रे. रडू नको. मी खंय पळान जातंय?"

मी कुठे पळून जाते आहे, असं ती म्हणत होती. तिच्या त्या मोठ्या आवाजातलं काही उरलं नव्हतं, पण चेष्टेचा सूर होता. तसाच.

महेश इकडे येऊन त्यांना घेऊन जाऊ शकत नव्हता, तिला सोडून कसा येणार? म्हणून चार-सहा दिवसांनंतरचं तिकीट काढलं आणि परबांचा पुतण्या गावाहून येऊन, घाईघाईत व्हिसा मिळतो का ते बघायला लागला. मी घाटकोपरच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी औषध बदललं. गरज पडली तर पहिल्या विमानात मी स्वतः बरोबर बसेन, असंही मी ठरवलं होतं. त्यातलं काहीच करावं लागलं नाही. त्या तिकिटाच्या आधीच स्मिता गेली.

परब कॅनडाला गेले. एकटे गेले. पुतण्याला नको म्हणाले, मलाही कळवलं नाही. शेजाऱ्यांकडून मंदाताईंना कळलं की परबांच्या दाराला कुलूप आहे.

ते परत आल्यावर काही दिवसांनी दवाखान्यात आले. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. माझी पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. सगळं जसंच्या तसं होतं, कुपीचं बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"लागलं नाही," ते म्हणाले.

"कसे गेलात परब?"

"गेलो. दार लागलं, पट्टा लावला, झोप लागली. जेवण आणलं तेव्हा त्या मुलीनं उठवलं. मग जेवलो. दुसऱ्या विमानात पण तसंच." ते माझ्याकडे बघत होते. डोळे कोरडे होते. "बाई, काही झालंच नाही. हे एवढंच होतं? एवढंच करायचं होतं मी?"

ग्रंथात भय आहे, शोक आहे, दोन्हींची लक्षणं आहेत, दोन्हींवर उपचार आहेत. एक गेलं आणि दुसरं आलं की माणूस इतका शांत दिसतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी जी शांतता भिजवत, उकळत, गाळत होते, ती आता माझ्यासमोर बसली होती. मला ती बघवत नव्हती.

मी विचारलं, "इरा कशी आहे?"

"उंच झाली. आईवर गेली आहे." मग म्हणाले, "दारात उभी होती. मला बघून म्हणाली, आजोबा, यू केम लेट. जावई तिला रागावला. मी म्हटलं, रागावू नका. तेवढं इंग्रजी मला येतं."

पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाला कुणाशी तरी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होता. मी काहीतरी करायचं म्हणून त्यांची नाडी बघितली. चांगली होती. बीपी बघितला. तोही चांगला होता, आजवरच्यापेक्षा चांगला.

"झोप लागते का?" मी विचारलं. पेशंटला विचारायचा प्रश्न, सवयीने तोंडातून गेला.

"लागते. तेच तर आहे बाई. झोप लागते. सकाळी उठतो, दाढी करतो. डबा आला की भूक लागते. आधी वाटायचं, तिला काही झालं तर मी एक दिवस पण काढणार नाही." त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण लावलं. "सगळं लागतं. काही बंद झालेलं नाही."

मी त्यांना काही दिलं नाही. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि त्यांनीही मागितलं नाही. मंदाताईंनी मागे जाऊन चहा केला आणि न विचारता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो गरम असतानाच पूर्ण प्यायला, कप बशीत नीट ठेवला, आणि मान खाली घालून, लाज वाटल्यासारखं, मंदाताईंना विचारलं,

"बिस्किट असेल का एखादं?"